जन्माला यायला जागा नाही

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या संगणकात जागा संपली आहे, ही बाब सोमवारी सकाळी पहिल्या बाळाच्या वेळी उघडकीस आली. बाळाचे वजन, आईबापांची नावे असा सगळा मजकूर भरून नोंदणी कारकुनांनी ‘जतन करा’ हे बटण दाबले, तोच पडद्यावर एक पिवळी चौकट उमटली: ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही. अनावश्यक जुन्या फाइल काढून टाका.’ कारकुनांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली आणि खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या बापाला गंभीरपणे सांगितले, “जागा नाही.”

“कुठे?”

“बाळाला.”

“अहो, पण ते जन्मलंय. घरी झोपलंय.”

“घरी जन्मलं असेल. इथे अजून जन्मलेलं नाही. पुढच्या आठवड्यात एक चक्कर मारा.”

या कारकुनांना कार्यालयात सगळे जपूनराव म्हणत. आईवडिलांनी ठेवलेले नाव पगारपत्रकापुरते उरले होते. त्यांच्या खणात वाळलेली पेने, हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या आणि पट्टा नसलेले एक बंद घड्याळ गुण्यागोविंदाने नांदत. कुणी आवराआवर करू गेलेच, तर ते हात आडवा घालून म्हणत, “असू द्या, पुढेमागे लागेल.” संगणक आला तेव्हा रोज संध्याकाळी त्याचा बॅकअप घेण्याचे, म्हणजे सगळ्या नोंदींसकट आख्ख्या यंत्राची एक जादा प्रत काढून ठेवण्याचे काम आपसूक त्यांच्याकडे आले. आठ वर्षांत त्यांनी ते एकदाही चुकवले नाही. जुनी प्रत काढायचीही असते हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी त्यांनी ते मनावर घेतले नसते.

संगणक दुरुस्त करणारा आला, त्याने दोन-चार बटणे दाबली आणि खुर्चीत मागे रेलून हसला.

“काका, या डिस्कमध्ये नोंदी चिमूटभर आहेत. बाकी सगळे बॅकअप. एकेक माणूस इथे हजार हजार वेळा मेलाय, आणि नव्या बाळाला एकदा जन्मायला जागा नाही. शेवटचे दोन ठेवा, बाकीचे उडवा. पाच मिनिटांचं काम.”

त्याने जुने बॅकअप निवडून दिले. पडद्यावर प्रश्न आला: ‘निवडलेले बॅकअप कायमचे काढून टाकायचे? तुमची खात्री आहे? हो / नाही.’ संगणकवाल्याने हात उचलून मांडीवर ठेवले.

“दाबा, काका. नोंदी तुमच्या, बोटही तुमचंच.”

जपूनरावांचे बोट बटणाच्या वर तरंगत राहिले. तेवढ्यात खिडकीतून हाक आली, “दादा.”

त्यांची धाकटी बहीण तान्ह्या मुलीला खांद्यावर टाकून उभी होती. तिचा नवरा परदेशी नोकरीला होता आणि त्याने लेकीला अजून हातात घेतले नव्हते. दोन महिन्यांनी मायलेकी त्याच्याकडे जायच्या होत्या, तिकिटे निघाली होती. मात्र पोरीचा जन्मदाखला नाही, म्हणून पासपोर्ट नाही, आणि पासपोर्टाशिवाय विमानात बसवतात फक्त सामानाला.

“आमचं झालं का रे?”

“होईल गं. घरचंच ऑफिस आहे.”

“म्हणूनच भीती वाटते,” बहीण म्हणाली आणि पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेऊन निघून गेली.

जेवणाच्या सुट्टीत जपूनराव एकटेच यंत्रासमोर बसले. उडवायचे तर आत काय आहे ते एकदा बघावे, म्हणून त्यांनी सगळ्यात जुना बॅकअप उघडला. त्यात शोधायला दुसरे कुणाचे नाव सुचेना, म्हणून वडिलांचे घातले. उत्तर आले: ‘मृत्यूची नोंद आढळली नाही.’ वडील जाऊन सहा वर्षे झाली होती आणि प्रत आठ वर्षांपूर्वीची होती. म्हणजे या प्रतीत बाबा अजून होते. बहुधा संध्याकाळचे फिरायला गेले असावेत. जपूनरावांना एकदम भरून आले. एका बाजूला भाची, दुसऱ्या बाजूला बाप, आणि मध्ये एक बटण. ते ‘नाही’ दाबून साहेबांच्या खोलीत गेले, कारण नोकरीत अशा प्रसंगासाठीच साहेब असतात.

“‘तुमची खात्री आहे?’ असं विचारतंय ते?” साहेब म्हणाले.

“हो, साहेब.”

“इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न कुणी विचारला नाही. आता यंत्र विचारणार? आणि अनावश्यक काय ते ठरवायचं कुणी? उद्या नेमकं काढून टाकलेलंच कुणी मागितलं तर?”

“शेवटचे दोन बॅकअप असतील की,” दारात उभा असलेला संगणकवाला म्हणाला.

“आणि ते बिघडले तर?”

“मूळ नोंदी आहेतच.”

“आणि त्या बिघडल्या तर?”

“मग बॅकअप...” असे म्हणून तो थांबला. आपण ज्या दारातून निघालो त्याच दारात परत आलो आहोत, हे त्याच्या लक्षात आले.

साहेबांनी ‘अनावश्यकता निश्चिती समिती’ नेमली. अध्यक्ष साहेब, सचिव जपूनराव. समितीने पहिल्याच बैठकीत सर्व बॅकअप एकसारखे असल्याचे नमूद केले, आणि ज्याअर्थी ते एकसारखे आहेत त्याअर्थी ते विश्वासार्ह आहेत, असा निष्कर्ष काढला. दुसऱ्या बैठकीत ते काढण्यास तत्त्वतः मान्यता मिळाली. अट एवढीच, की काढण्यापूर्वी प्रत्येकाची एक प्रत त्याच संगणकात जपून ठेवावी. संगणकवाल्याने विचारले की प्रतींना जागा कुठून आणायची. त्यासाठीच तर जागा करतो आहोत, असे त्याला समजावून सांगण्यात आले.

मधल्या काळात खिडकीसमोर जन्माची आणि मृत्यूची रांग एकच झाली. नवरा गेलेल्या एका बाईंना, तूर्त यजमान हयात धरावेत, असे कळवण्यात आले. बहीण दर दोन-चार दिवसांनी येई, बाकावर बसे आणि पोरगी रडली की उठे. तिकिटाची तारीख जवळ येत चालली तशी जपूनरावांची झोप उडाली. बाप ठेवायचा आणि भाचीलाही जागा करायची, या विवंचनेत त्यांना एके दिवशी चहा गाळताना तोड सुचली. आयुष्यभर जपून राहिलेल्या माणसाला धाडस सुचले की ते असेच सुचते.

“साहेब,” ते तिसऱ्या बैठकीत म्हणाले, “बॅकअप काढायचा तर आपल्या ठरावाने आधी प्रत ठेवावी लागते. मूळ नोंदींबद्दल मात्र ठरावात अक्षरही नाही.”

साहेबांनी पेन खाली ठेवले. “बॅकअप काढला तर त्याचा बॅकअप राहतो का?”

“नाही, साहेब.”

“आणि मूळ काढलं तर?”

“बॅकअप राहतो.”

“म्हणजे ज्याच्याविना अडत नाही, असं या संगणकात एकच आहे. मूळ.”

ठराव एकमताने मंजूर झाला. जपूनरावांनी या वेळी लगेच ‘हो’ दाबले. जागा झाली. सुंठीवाचून खोकला गेला, असे म्हणून साहेबांनी सर्वांना चहा सांगितला. चहा येईपर्यंत संगणकाने विचारले की आता मूळ नोंदी नाहीत, तर कोणता बॅकअप मूळ म्हणून लावू.

“सगळ्यात नवा लावा,” संगणकवाला घाईघाईने म्हणाला.

“नवा?” साहेबांनी भुवया उंचावल्या. “इतके ज्येष्ठ बॅकअप ताटकळत असताना नवख्याला वर चढवायचं? उद्या मला जाब विचारतील. सेवाज्येष्ठता बघा.”

सेवाज्येष्ठतेने आठ वर्षांपूर्वीचा, सगळ्यात जुना बॅकअप लागला. जपूनराव ‘नाही’ म्हणू शकले असते. पण त्याच बॅकअपात बाबा होते, म्हणून ते काही बोलले नाहीत. संगणकवाल्याने समितीला कोपरापासून हात जोडले आणि तो गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवसापासून गेल्या आठ वर्षांत मेलेली सर्व माणसे शहरात परतली, आणि या काळात जन्मलेली एकूण एक पोरे नाहीशी झाली. शाळेने पहिलीच्या वर्गाचे दाखले तपासायला पाठवले, तेव्हा कार्यालयाने लेखी उत्तर दिले की सदर विद्यार्थी अद्याप जन्मलेले नसल्याने त्यांची हजेरी संशयास्पद आहे. महिन्याच्या अहवालात शहराचा मृत्युदर शून्य दिसला. वरून साहेबांच्या नावे अभिनंदनाचे पत्र आले आणि ही पद्धत इतर कार्यालयांनीही अवलंबावी असे त्यात सुचवले होते.

बहीण मात्र जागा झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आली. जपूनरावांनी तिला खिडकीपासून आत बोलावले, खुर्ची दिली आणि स्वतःच्या हाताने भाचीची नोंद भरली. ‘जतन करा’ दाबताना त्यांनी बहिणीकडे अभिमानाने पाहिले. पिवळी चौकट आली नाही, लाल आली: ‘जन्मतारीख भविष्यातील आहे. स्वीकारता येत नाही.’

“याचा अर्थ काय?” बहिणीने विचारले.

“यंत्राची तारीखही या सगळ्यात जुन्या बॅकअपमधूनच आली,” जपूनराव खाली बघत म्हणाले. “त्याच्या हिशेबाने हिला जन्मायला अजून आठ वर्षं आहेत.”

“माझं विमान आठवड्यावर आलंय, दादा. पासपोर्ट कधी निघणार?”

“नवी समिती नेमता येईल.”

“नवा बॅकअप लावायला समिती कशाला? लाव ना तूच.”

“या जुन्यात बाबा अजून आहेत गं,” जपूनराव म्हणाले.

बहिणीने पडद्याकडे पाहिले. “मलाही आठवतात बाबा,” ती म्हणाली. “रोज आठवतात. पण त्यांना विमानात बसवायचं नाहीये. तू बाबांना जिवंत केलंस आणि माझी पोरगी जन्मूच दिली नाहीस. सुरुवातीला काय करायचं होतं रे तुला?”

“एक बटण दाबायचं होतं.”

“मग दाबलं का नाहीस?”

“पुढेमागे लागलं असतं तर?”

तिने पोरीला उचलले आणि बाहेर पडली. जपूनराव तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले. आपण भाचीचे वाटोळे केले, हे त्यांना आता स्वच्छ दिसत होते, आणि मामा म्हणवून घ्यायची लाज वाटत होती. फाटकापाशी उन्हाची तिरीप पोरीच्या तोंडावर आली, तिने डोळे मिचकावले आणि आयुष्यात पहिल्यांदा ती मोकळे, बोळके तोंड उघडून हसली.

“अगं, हसली,” जपूनराव म्हणाले. “फोटो काढ, फोटो काढ. दाखल्याचं राहू दे, बापाला निदान हे तरी बघू दे.”

बहिणीने फोन काढला, पोरीसमोर धरला आणि बोट टेकवले. फोनवर अक्षरे आली: ‘जागा शिल्लक नाही.’

“काहीतरी काढून टाक ना पटकन.”

तिने बोटाने सरकवत सरकवत पाहिले. एकाच केकचे दहा-बारा फोटो होते, कुणाच्या तरी अंगठ्याचे होते, कधी न केलेल्या पाककृती होत्या, मिटलेल्या भांडणांचे पुरावे होते. प्रत्येकावर तिचे बोट थांबे आणि पुढे जाई.

“काय काढू, दादा?” ती म्हणाली. “सगळं लागतं रे.”

जपूनरावांनी आपला फोन चाचपला, पण तो तर वर्षभर हेच सांगत होता. तोवर पोरगी हसायची थांबली आणि झोपी गेली. तिचे पहिले हसू ना कार्यालयात नोंदले गेले, ना घरात.

वाचकांना या भावाबहिणीचे हसू येत असेल तर खुशाल हसावे. फक्त हसतानाचा तुमचा एक फोटो आत्ता काढून बघा. निघाला, तर आम्ही शब्द मागे घेतो.