बाबांसाठी डेक

मे महिन्यात बाबा अमरावतीहून आमच्याकडे अमेरिकेत कॅरीला आले. वय ब्याऐंशी. एवढा लांबचा प्रवास यापुढे करायचा नाही, असं डॉक्टरांनी निघतानाच बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं घर हिंडून पाहिलं आणि विचारलं, "गुरुनाथ, संध्याकाळी बसायचं कुठे रे?"

(घरात तीन सोफे आहेत. पण निवृत्त हेडमास्तर 'बसायचं' म्हणतात, तेव्हा त्यांना ओटा लागतो.)

मी तिथल्या तिथे ठरवलं, मागच्या अंगणात डेक, म्हणजे लाकडी ओटा, बांधायचा. स्वतःच्या हातांनी. व्हिडिओतली दोन माणसं तो दोन दिवसांत बांधतात. मी एकटा, म्हणून चार दिवस धरले.

टाउनच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, परवानगीलाच तीन आठवडे लागले. मग खांबांसाठी नऊ खड्डे खणले. इन्स्पेक्टर तपासायला यायच्या आदल्या दिवशी धो धो पाऊस पडला. त्या भल्या माणसाने माझ्या नऊ विहिरी पाहिल्या, मान हलवली आणि तो निघून गेला. माझ्या वहीत नोंद आहे : १४ जून, खड्डे उपसले. २१ जून, खड्डे उपसले. २८ जून, खड्डे उपसले, पाठ धरली.

"अरे, बाबा समोर गॅरेजमध्ये एकटेच बसलेत," माझी बायको मीनाक्षी म्हणायची.

"मग हे कुणासाठी चाललंय? त्यांच्यासाठीच ना?"

"हे त्यांना सांग की जाऊन. दोन मिनिटं बसून सांग."

"एवढी फळी लेव्हलला आली की बसतोच."

फळ्या एकशे बारा होत्या.

बाबा गॅरेजचं शटर वर करून रस्त्याकडे तोंड करून घडीच्या खुर्चीत बसत. अधूनमधून चहाचा कप घेऊन मागे येत. "काही धरू का रे?"

"नको बाबा, लागेल तुम्हाला. तुम्ही आराम करा."

ते आराम करायला परत जात.

नोव्हेंबरात, त्यांच्या फ्लाइटच्या आदल्या संध्याकाळी डेक पूर्ण झाला. मी नवी खुर्ची मांडून त्यांना बसवलं. त्यांनी कठडा हलवून पाहिला. "मजबूत केलास. हत्ती बसेल." मग कुंपणाकडे बघितलं, पलीकडच्या पाइनच्या झाडांकडे बघितलं. "इथून जातं कोण?"

"कोणी नाही, बाबा. फुल प्रायव्हसी."

"हं," ते म्हणाले. "तू बस. सहा महिन्यांत तुला बसलेलं पाहिलं नाही."

मी बसलो. ५.१० ते ५.२१. मग त्यांना थंडी वाजायला लागली.

दुसऱ्या दिवशी बाबांना गाडीत बसवून मी बॅगा चढवत होतो. एवढ्यात एक पांढऱ्या केसांच्या बाई कुत्र्याला ओढत धावत आल्या. खिडकीतून बाबांचे दोन्ही हात धरून त्या रडल्याच. त्यांना बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठाऊक होतं, शाळा ठाऊक होती, माझ्या गेलेल्या आईचं नावसुद्धा ठाऊक होतं. मी त्यांना प्रथमच पाहत होतो. (नऊ वर्षांत मी रिमोट दाबून गाडी आत घेतली आणि शटर खाली पाडलं, एवढाच माझा शेजार.)

डोळे पुसत त्या मागे माझ्याकडे आल्या. माझी भुशाने माखलेली टोपी न्याहाळून म्हणाल्या, "एअरपोर्टपर्यंत सांभाळून चालवा हं." मग आवाज खाली आणून विचारलं, "आणि यांचा मुलगा? तो नाही आला सोडायला?"

मी डिकी बंद केली.

"नाही," मी म्हणालो. "तो मागे डेक बांधतोय."