आतल्या खोलीतलं नेट

सोमवारी अकराला मुलीची ऑनलाइन मुलाखत होती आणि घरातलं वाय-फाय शनिवारपासून आचके देत होतं. दोन वर्षं अर्ज करकरून थकलेल्या पोरीला पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं. मोबाइलला तर घरात जेमतेम एक दांडी.

"बाबा, अख्ख्या गावाची नेटवर्कं दुरुस्त करता, मग आपलंच असं का?"

आठवडाभर परक्या ऑफिसांच्या छताला राउटर टांगून बाबांची मान आखडली होती. तरी रविवारच्या झोपेवर पाणी सोडून ते उठले.

दुखणं त्यांना तोंडपाठ होतं. इमारतीत अठरा घरं, अठरा राउटर. शेजाऱ्याचा वरचढ होतो म्हणून प्रत्येकाने आपल्या राउटरची ताकद पूर्ण वाढवलेली. आता सगळेच ओरडत होते आणि ऐकू कुणालाच येत नव्हतं. बाबा घरोघरी समजवायला जिने चढू लागले.

"ताकद निम्म्यावर आणू. सगळे हळू बोलले की सगळ्यांना नीट ऐकू येतं."

"आणि माझ्या आतल्या खोलीत नेट नाही आलं तर?" तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी अडवलं.

बाबांचे गुडघे कुरकुरत होते. वाद घालायचं त्राण नव्हतं. "तर आमचं वापरा. हा घ्या पासवर्ड."

मास्तर लगेच विरघळले. चौथ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंनाही हीच मात्रा लागू पडली. पुढे पुढे तर दार उघडताच बाबा पासवर्ड सांगून मोकळे होऊ लागले. संध्याकाळपर्यंत सतरा राउटर नरमले. अठरावा, म्हणजे स्वतःचा, त्यांनी पूर्ण ताकदीवरच ठेवला. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न होता, एवढं चालायचंच.

सोमवारी पावणेअकराला मुलगी कडक इस्त्रीचा कुर्ता घालून बसली. पडद्यावर नुसती चकती गरगरत राहिली. बाबांनी राउटरची यादी उघडली आणि मटकन खाली बसले. त्यांच्या एकट्या राउटरवर त्रेसष्ट मोबाइल, टीव्ही आणि लॅपटॉप लटकले होते.

"अहो, काढून टाका ना सगळ्यांना!" बायको ओरडली.

बाबा एकेकाला काढत होते, तो लगेच परत येत होता. पासवर्डच बदलावा, हे घाईत सुचलंच नाही. घामाघूम होऊन त्यांनी मान वर केली, तर मुलगी जागेवर नव्हती. लॅपटॉपही नव्हता.

बारा वाजता ती जिना उतरून आली. चेहरा फुललेला.

"छान झाली! पुढच्या फेरीला बोलावलंय."

"अगं, पण दिलीस कुठून?"

"मास्तरांकडून. काय सुसाट नेट आहे त्यांचं, बाबा! त्यांच्या राउटरवर कुणीच नसतं. ते स्वतःसुद्धा आपलंच वापरतात."

बाबांनी डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं.

"आणि हो, त्यांचा निरोप आहे. आपलं सकाळपासून फार हळू चालतंय म्हणे. जरा येऊन बघून जा."