आनंदाचा पंचनामा

माणूस तुम्ही पिळलात, आणि उरलेल्या चिपाडाचं दुखणं कुठल्या रकान्यात बसवायचं यासाठी समितीही तुम्हीच नेमलीत. नाकारू नका, सही आहे तुमची.

पेणकरपाड्याच्या बबनने एक महिन्याची रजा मागितली. विम्याचे दावे फेटाळायच्या कामावर त्याची अकरा वर्षं गेली होती. आता शर्टाची बटणं लावायलाही अर्धा तास लागत होता. डॉक्टरांची चिठ्ठी एचआरच्या रुचिता मॅडमनी उलटसुलट करून पाहिली.

"बबनजी, यात क्लिअर नाहीये. बर्नआउट की डिप्रेशन?"

"डॉक्टर म्हणाले, सुरुवात कामाच्या थकव्यानं झाली. आता दुसरंही लागलंय."

"दोन्ही कसं चालेल? सिस्टिम एकच टिक घेते."

नियम सोपा होता. कामापासून दूर गेल्यावर बरं वाटलं तर बर्नआउट. आवडीच्या गोष्टीतही जीव रमेना तर डिप्रेशन. बबनची नोंदीतली आवड : घोडबंदरच्या खाडीवर गळ टाकून बसणे. सबब, रविवारी सकाळी समितीचे चंदन फॉर्मच्या तीन प्रती घेऊन त्याच्या शेजारी खडकावर बसले.

"कसं वाटतंय, बबनभाऊ?"

"जरा बरं वाटतंय."

"जरा म्हणजे? एक से दस में बोलो ना."

दर पंधरा मिनिटांनी हेच. एवढ्यात गळाला बोईट लागला आणि कित्येक महिन्यांनी बबन हसला.

"होल्ड! होल्ड! फोटो!" चंदन ओरडले. मासा निसटला. हसूही गेलं.

"आता रडू येतंय का?" चंदननी आशेने विचारलं.

"तुम्ही उठलात तर नाही येणार."

अहवाल आला. 'नऊ वीसला कर्मचारी हसला, सबब बर्नआउट. तो साप्ताहिक सुट्टीतच बरा झाला. सबब रजेची गरज नाही. नऊ बावीसला हसू मावळले, सबब डिप्रेशन. त्या वेळी तो कार्यालयात नव्हता. सबब कारण घरगुती, कंपनी जबाबदार नाही.' या खेपेला सिस्टिमने दोन्ही टिक निमूट घेतल्या.

"रजा नामंजूर," रुचिता मॅडम गोड हसल्या. "पण शुक्रवारी हास्ययोग ठेवलाय."

"मॅडम, उद्या मला अंथरुणातून उठताच आलं नाही तर?"

"तर विनापरवाना गैरहजेरी. त्याचा फॉर्म वेगळा आहे."

दुसऱ्या दिवशी बबन उठला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'मासेमारीला गेला असेल.' त्याखाली हसरे चेहरे पडले. एकोणीस.

त्यातला एक तुमचा. आज गुरुवार आहे. एकोणिसांपैकी एकाने तरी त्याला फोन केला? बोला.