पाहुण्यांचा निरोप आणि बाहेरची कडी

धारच्या मिशन शाळेची नवी खोली बांधून झाली आणि ती बांधणाऱ्या पाच कॅनेडियन पाहुण्यांना त्याच खोलीत निरोप द्यायचं ठरलं. १९७८च्या फेब्रुवारीतला रविवार होता. पाहुणे त्यांच्या चर्चतर्फे तीन आठवड्यांसाठी आले होते. दिवसभर विटा रचायच्या आणि संध्याकाळी प्रार्थनेला बसून, अर्थ कळो न कळो, मालवी भजनांवर टाळ्या वाजवायच्या, असा त्यांचा क्रम होता. साठीच्या हेलनबाईंनी तर शिडीवर चढून खिडक्यांचे गज स्वतः बसवले होते. आता दुपारी दोनची इंदूरची बस, तिथून मुंबईची रेल्वे आणि मग विमान. एक चुकलं की सगळंच चुकणार होतं.

पाहुण्यांचा स्वयंपाक राजाबाईंकडे होता. शेवटच्या दिवसासाठी त्यांनी पहाटेपासून पुरणपोळ्या लाटल्या होत्या.

"मास्तर, भाषण आटपतं घ्या," त्या चिंतामणी मास्तरांना म्हणाल्या. "पाहुणे पोळी न खाता गेले, तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

"राजाबाई, चारच पानं आहेत," मास्तर म्हणाले. मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचे. खऱ्या इंग्रजी माणसांसमोर इंग्रजी बोलायची संधी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. त्यामुळे पानं चार असली तरी अक्षर बारीक होतं.

आधी पाहुण्यांनी आपली हत्यारांची पेटी गणोजी सुताराला भेट दिली. पन्नाशीचा गणोजी तीन आठवडे त्यांना मुकाट्यानं खिळे आणि फळ्या देत होता. पुढारी पीटरसाहेब काहीतरी म्हणाले.

मास्तरांनी भाषांतर केलं, "गणोजी, साहेब म्हणतात, तू फार लवकर शिकलास."

गणोजीनं नमस्कार केला आणि पेटी मांडीवर घेऊन बसला.

भाषण दुसऱ्या पानावर आलं तेव्हा राजाबाई पोळ्या आणायला उठल्या. परसातल्या बकऱ्या आत शिरून हार खातील, म्हणून जाताना त्यांनी दाराला बाहेरून कडी घातली. मनात असंही होतं, की पोळ्या येईपर्यंत कोणी निसटायला नको.

तिसऱ्या पानावर मास्तरांनी दाराकडे हात केला आणि हे दार हत्तीलाही हलणार नाही, असं छातीठोक इंग्रजीत सांगितलं. टाळ्या पडल्या. एवढ्यात मिशनच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं. दीड वाजून गेला होता. पीटरसाहेब उठले, त्यांनी दार ओढलं. दार हललं नाही. दोघांनी ओढलं, चौघांनी ओढलं.

"अरे भिया, बाहर से किसने लगा दी?" मागून कोणीतरी ओरडलं.

खिडक्यांतून हाका मारून झाल्या, पण ऐकायला बाहेर होतं कोण? सगळी मंडळी आतच होती. गजांना हिसके देऊन पाहिले. हेलनबाईंचं काम चोख होतं. पीटरसाहेबांच्या चेहऱ्यावर घामही होता आणि थोडा अभिमानही.

"तरी मी म्हणत होतो," मास्तर म्हणाले, "हत्तीलासुद्धा..."

"मास्तर, जरा सरका," गणोजी म्हणाला. त्यानं नवी पेटी उघडली, हातोडी आणि पटाशी काढली आणि बिजागऱ्यांचे खिळे खालून ठोकत एकेक वर काढले. पाच मिनिटांत दार भिंतीला टेकवून उभं होतं. पाहुण्यांनी आपण शिकवलेल्या शिष्याचं कौतुक म्हणून जोरात टाळ्या वाजवल्या आणि सगळे सामान उचलून बस स्टँडकडे पळत सुटले.

पोचले तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बस मात्र जागेवरच होती. बसच्या पुढ्यात, भलामोठा डबा कडेवर घेऊन, राजाबाई उभ्या होत्या.

"माताजी, टाइम हो गया, हटो!" कंडक्टर काकुळतीला आला होता.

"हो गया तो हो गया! मेरे मेहमान बिगर खाए कैसे जाएँगे?"

घरी डबा भरताना पावणेदोन वाजलेले दिसले, तेव्हा पाहुणे परस्पर स्टँडवर गेले असतील असं समजून त्या थेट इकडेच आल्या होत्या. मास्तर दिसताच त्या कडाडल्या, "एवढा वेळ? भाषणच चाललं होतं ना अजून?"

"राजाबाई," मास्तर धापा टाकत म्हणाले, "दाराला बाहेरून कडी कोणी घातली होती?"

राजाबाईंनी जीभ चावली. "अगंबाई!"

काय झालं, असं हेलनबाईंनी विचारलं. मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि इंग्रजीत एवढंच सांगितलं, की या बाईंनी तुमच्यासाठी बस अडवून धरली. हेलनबाईंनी राजाबाईंना डब्यासकट मिठी मारली. दोघी रडल्या. कंडक्टरला दोन पोळ्या मिळाल्यावर त्याचाही राग गेला. बस वळणाआड जाईपर्यंत सगळी मंडळी हात हलवत राहिली आणि मास्तरांना चौथं पान वाचायचं राहिलं याची आठवणही झाली नाही.

संध्याकाळी मास्तर शाळेत आले, तर गणोजी दार परत बसवून हत्यारं पुसत होता. मास्तरांनी दार लोटलं. एका बोटानं, आवाज न करता ते लागलं. मास्तरांनी पुन्हा उघडून पाहिलं.

"गणोजी, हे आधी फरशीला घासत होतं ना रे?"

"वरची बिजागरी अर्धं बोट बाहेर बसवली होती साहेबांनी. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं." गणोजीनं पटाशीला धार आहे का ते अंगठ्यानं पाहिलं. "राजवाड्याचे दरवाजे आमच्या पणजोबांच्या हातचे आहेत, मास्तर."

"मग तीन आठवडे बोलला का नाहीस?"

"कसं बोलणार?" गणोजी म्हणाला. "किती हौसेनं करत होते."