अंधारातली बाटली

फॉइलचं नवं भेंडोळं, निम्मं संपलेलं.

चहाच्या खोलीत केक. सहा तुकडे, पाच शिल्लक.

कपाटावर चिठ्ठी : ‘उघडू नये. आत अंधार आहे.’

आणि प्रयोगशाळेच्या बंद दाराआडून एका माणसाचा आवाज : “कंटाळा नाही ना आला?”

डॉ. आन्सगार व्हीडलच्या दोन बाटल्या होत्या. दोन्हींत सारखीच द्रव्यं, सारखाच उत्प्रेरक. एक निळ्या दिव्यांपुढे, दुसरी कपाटात. उजेड पडला की उत्प्रेरक जागा होऊन कामाला लागतो, अंधारात ढिम्म झोपून राहतो, हे त्याचं तीन वर्षांचं म्हणणं. म्हणजे कपाटातल्या बाटलीत तयार झालेलं नवं द्रव्य शून्य यायला हवं. आलं चार टक्के.

“चार?” प्राध्यापक आख्टेलिकबाई डोंगरावरून फोनवर ओरडल्या. फाशिंगच्या, म्हणजे कार्निव्हलच्या, सुट्टीत सगळा गट बर्फावर घसरायला गेला होता. “अहो व्हीडल, अंधारातही काम होत असेल तर एवढे दिवे कशाला लावले आपण? नाताळ होता म्हणून? सोमवारी शून्य दाखवा. नाहीतर मार्चनंतर तुमची नेमणूक कशी वाढवू मी?”

त्यानं नवी बाटली भरली, फॉइलचे दोन थर चढवले. नऊ टक्के. पुन्हा नवी बाटली. चार थर, वर काळं कापड, त्यावर खोका, कपाटाला कुलूप. एकवीस! अंधार जितका दाट, तितका हा उत्प्रेरक मेहनती.

शुक्रवारी चौथी बाटली कपाटात गेली. थोड्या वेळानं सफाईवाल्या ह्रुष्काबाईंनी दार किलकिलं केलं.

“डॉक्टरसाहेब, पाहुणे गेले का? लादी पुसायची होती.”

“कोण पाहुणे?”

“कपाटातले. दर तासाला बोलता ना त्यांच्याशी. मंगळवारपासून मी आपली दारातूनच परत फिरतेय. म्हटलं, खाजगी असेल काही.”

“बाई, ती बाटली आहे. नीट झाकलीय ना, एवढंच बघतो मी.”

“झाकलेलं बघता कसं?”

“म्हणजे… सोडून.”

दोघांनी खोलीकडे पाहिलं. निळ्या दिव्यांनी ती लख्ख भरली होती. चार थर सोडायला दोन मिनिटं, गुंडाळायला तीन. मधल्या गप्पांना दहा.

ह्रुष्काबाईंनी हात पुढे केला. “किल्ली.”

“पण तिला एकदा शेवटचं—”

“किल्ली द्या. आणि घरी जा.”

“घरी काय करू?”

बाईंनी किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि लादी पुसायला घेतली.

सोमवारी कपाट उघडलं. शून्य.

“बघा, जमलं की!” आख्टेलिकबाई म्हणाल्या. त्यांचं नाक उन्हानं सोललं होतं. “काय बदल केलात?”

“काही नाही,” व्हीडल म्हणाला. “तिला एकटं सोडलं.”

केक त्यानं मंगळवारी आणला होता. इथे वाढदिवस ज्याचा, त्यानंच आणायचा असतो.