पाणोजीचा जाडा दुभाष्या

एका जंगलात, बाळांनो, वाघापेक्षा नेटवर्कची दहशत जास्त होती. वाघ निदान अधूनमधून दिसायचा तरी.

त्या जंगलातल्या नदीत एक सुसर होती. पाणी प्यायला आलेल्यांपैकी एखाद्याला ती रोज धरायची. नदीतच राहणाऱ्या पाणोजी नावाच्या पाणमांजराला याचं फार वाईट वाटे. सुसर कुठे दबा धरून बसली आहे, हे त्याला बरोबर ठाऊक असायचं. म्हणून त्याने एक वेबसाइट काढली. उघडा, सुसर कुठे आहे ते पाहा, दुसरीकडे जाऊन पाणी प्या. तेही फुकट.

एकच घोळ झाला. पाणोजीने ती लिहिली पाणमांजरांच्या भाषेत. मातृभाषेचा अभिमान, दुसरं काय! जंगलातल्या फोनना ती भाषा कळेना. त्यामुळे आधी एक दुभाष्या फोनमध्ये उतरवून घ्यावा लागे, आणि हा दुभाष्या होता चांगलाच जाडा. एकदा आला की कायमचा कामाला यायचा, पण येईपर्यंत चक्र नुसतं गरगरत राही. प्राणी कंटाळून तसेच नदीवर जात. पुढचं सांगत नाही, रात्री झोप लागणार नाही तुम्हाला.

हत्तीने सल्ला दिला की दुभाष्याचं वजन उतरव. हे हत्तीने सांगावं, पण तो पडला तज्ज्ञ. पाणोजी पावसाळाभर खपला. दुभाष्याचे विनोद काढले, म्हणी काढल्या, शेवटी 'नमस्कार'सुद्धा काढला. दुभाष्या काडीसारखा झाला आणि एका जांभईत उतरू लागला. तरी कोणी फिरकेना.

त्याच सुमारास कोल्ह्याने 'आज कोण कोणाच्या बिळात' नावाचं ॲप काढलं. ते जाड्या दुभाष्याच्याही दसपट जड. ते उतरवायला अख्खं जंगल टेकडीवर फोन वर धरून उभं राहिलं. एक हरिणी तर सकाळपासून उन्हात ताटकळत होती.

पाणोजीला रडूच आलं. "वहिनी, माझं एवढं हलकं केलंय. तेवढं का नाही घेत?"

"नदीत सुसर आहे हे ठाऊकच आहे की, भाऊजी," हरिणी मान न वळवता म्हणाली. "शेजारी काय चाललंय ते कोण सांगणार?"

पाणोजीच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने दुभाष्याला विनोदांसकट परत जाडा केला आणि साइटवर पाटी लावली, 'आज सुसरीने कोणाला धरलं?' सुसरीचं ठिकाण त्याखाली तसंच ठेवलं. झुंबड उडाली. जडपणाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. वाचता वाचता ठिकाणही नजरेखालून गेलं, आणि त्या दिवशी सगळे दुसऱ्या काठाला पाणी प्यायले. सुसर उपाशी झोपली.

संध्याकाळी जंगल खवळलं. एवढं ओझं उतरवून घ्यायचं, आणि बातमी काय, तर कोणालाच धरलं नाही! सगळ्यांनी तिथल्या तिथे दुभाष्याला हाकलून दिलं.

दुसऱ्या दिवशी बातमी होती. ती हरिणीचीच होती. इतरांना ती कोल्ह्याकडून कळली.

तात्पर्य : वेबसाइट हलकी असो की जड, चालतं. ती उपयोगाची होऊ नये, एवढी मात्र काळजी घ्यावी.