नळीतला दीड लिटर

शनिवारी सकाळी एल्रॉयच्या गॅरेजात तीन माणसं एका नळीवरून भांडत होती. नळीचा मालक त्यात नव्हता. त्याला मार्चमध्ये शबॉयगन गावच्या गोठलेल्या मातीत ठेवून आता अडीच महिने झाले होते. मागे राहिली फ्रीजरमध्ये हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांची, एक पुडी आणि फळीवर माल्टची, मोड आणून वाळवलेल्या सातूची, मोजलेली पिशवी. दोन्हींवर त्याच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द होता, 'मे'. मे काही त्याच्या वाट्याला आला नाही.

म्हणजे आज उकळलेला हा बिअरचा घाणा त्याच्या हातचा शेवटचा. जुलैत बिअर करणारी त्याची सगळी मित्रमंडळी त्याच्या नावानं जमणार होती, आणि त्या दिवशी पिंप काठोकाठ भरलेलं हवं, असा त्याच्या मुलीचा, हायडीचा, हट्ट होता.

अडचण नळीची होती. माल्ट आणि हॉप्स उकळून निघालेला गोड रस नळीवाटे तांब्याच्या वेटोळ्यात जातो, तिथे थंड होतो आणि मग काचेच्या मोठ्या बरणीत पडतो. पातेलं रिकामं झालं, तरी नळीत आणि वेटोळ्यात मिळून दीड लिटर रस अडकून राहतो. एल्रॉय तो खुशाल मोरीत सोडायचा. "नळीलाही पोट आहे," म्हणायचा. हायडीला आज नळीचं पोट भरायचं नव्हतं.

"सोपं आहे," ड्वेन म्हणाला. "वेटोळं उंच धरायचं. रस आपोआप खाली येतो."

"तू स्वतः आपोआप खाली येशील," नॉर्बर्ट म्हणाला. दोघंही एल्रॉयचे तीस वर्षांचे सोबती, आणि तीस वर्षांत त्यांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं.

"काका, सावकाश हं," हायडी म्हणाली.

ड्वेन वेटोळं घेऊन स्टुलावर चढला. नळीत हवा शिरली, गुडगुड आवाज झाला आणि धार थांबली.

"तोंडानं फुंकू का?"

"तुझ्या तोंडात सकाळपासून तंबाखू आहे, ड्वेन! एल्रॉयची बिअर नासवतोस का?" नॉर्बर्ट ओरडला.

हे ऐकून ड्वेन रागानं उतरला, आणि उतरताना त्याचं ढोपर बाकावरच्या काचेच्या मापाला लागलं. रसात तरंगून त्याचा दाटपणा सांगणारं एल्रॉयचं ते एकुलतं एक माप होतं. खळ्ळकन तुकडे झाले. ड्वेन तुकड्यांकडे बघत राहिला. नॉर्बर्टनंही, नवल म्हणजे, टोमणा मारला नाही.

"राहू द्या काका," हायडी म्हणाली आणि झाडू घेऊन आली.

तेव्हा नॉर्बर्टची युक्ती. पातेल्यात उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. मागून पाणी आलं की पुढचा रस ढकलला जातो. युक्ती चोख होती. फक्त मध्ये हवा शिरल्यामुळे रस कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं, ते कुणालाच सांगता येईना. रस गवताच्या काडीसारखा फिका, त्यामुळे रंगावरून कळेना, आणि माप तर केरात गेलेलं.

"पाण्याचा एक थेंबही बाबांच्या बिअरमध्ये जाता कामा नये," हायडी म्हणाली. तिनं नळीचं तोंड बरणीतून काढलं आणि कागदी पेल्यावर धरलं. "चव घेऊन बघू. गोड लागलं की पुढचं बरणीत सोडायचं."

नॉर्बर्टनं चाखलं. "गोड आहे."

"तुला काय कळतंय? कॉफीत चार चमचे साखर घालतोस," म्हणत ड्वेननं दुसरा पेला भरून घेतला. "हं. बहुतेक गोड. नक्की सांगायला अजून थोडं लागेल."

तिसरा पेला हायडीचा. कोमट, गोड, शेवटी हॉप्सचा कडूपणा. बाबांच्या रविवारच्या शर्टाला येणारा वास जिभेवर उतरला. "नीटसं कळलं नाही," एवढंच म्हणाली आणि पेला पुन्हा नळीखाली धरला.

अशा फेऱ्या झाल्या. दर फेरीला एकाला खात्री वाटे, दुसऱ्याला शंका येई आणि तिसरी पुन्हा चाखून बघे. उष्टा पेला बरणीत ओतणं तर शक्यच नव्हतं. शेवटी नॉर्बर्टनं बरणीकडे पाहिलं. पातळी तसूभरही वाढली नव्हती. एल्रॉयच्या प्रत्येक खेपेला असायची, तितकीच होती.

"दीड लिटर गेला कुठे?" ड्वेन म्हणाला.

नॉर्बर्टनं मिशा पुसल्या.

"तिघं मिळून एवढा वेळ करताय काय?" मागच्या दारात हायडीची आई उभी होती. चाळीस वर्षं नवऱ्याच्या बिअरला नाक मुरडत आलेली लूएला अंत्यविधीनंतर गॅरेजात पहिल्यांदाच आली होती.

"नळीत पाणी आलंय का, ते बघतोय," हायडी म्हणाली.

लूएला पायरी उतरली. हातातला कॉफीचा धुतलेला कप तिनं नळीखाली धरला. हायडीनं पातेल्याची तोटी सोडली. कपात जे पडलं त्याला गवताच्या काडीचाही रंग नव्हता; त्यातून कपाचा तळ स्वच्छ दिसत होता. ड्वेननं नॉर्बर्टकडे पाहिलं आणि नॉर्बर्ट छताकडे बघू लागला.

लूएलानं डोळे मिटून एक घोट घेतला. मग दुसरा.

"आलं का गं पाणी, आई?"

"छे," लूएला म्हणाली. "अजून गोड आहे."

हायडीनं पातेल्यात आणखी एक जग पाणी ओतलं.